मोबाइलवर नेट चालतं, मग लॅपटॉपवरच का अडतं? फॉरमॅट मारण्याआधी एवढं तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी वायफाय आहे, मोबाइल आणि टीव्हीवर सगळं व्यवस्थित चालतं, पण लॅपटॉप कधी मध्येच तुटतो, तर कधी जोडलेला दिसूनही ‘नो इंटरनेट’ म्हणतो. राउटर बंद-चालू करून झाला, ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकून झाला, विंडोजचा ट्रबलशूटर चालवला तर त्याला काहीच सापडलं नाही. आता फॉरमॅट मारावं का?

नको. फॉरमॅटने जे दोष जातात ते त्याहून बऱ्याच सोप्या उपायांनी जातात. जे खरोखर चिवट असतात, म्हणजे आतून सुटलेली अँटेनाची वायर, गर्दीचं चॅनेल, राउटरची न जुळणारी सुरक्षा सेटिंग, ते फॉरमॅटनंतरही जागच्या जागी राहतात. मग एक अख्खा दिवस आणि थोडाफार डेटा गमावून माणूस पुन्हा तिथेच येतो.

या तक्रारीत वेळ दुरुस्तीला लागत नाही, नको त्या ठिकाणी दुरुस्ती करत बसण्यात जातो. लॅपटॉपवर एखादं पान उघडायचं तर तीन वेगळ्या गोष्टी जमाव्या लागतात. लॅपटॉप आणि राउटर यांच्यातला रेडिओ चालला पाहिजे. राउटरपासून पुढे इंटरनेट कंपनीपर्यंतची तार किंवा फायबर चालली पाहिजे. आणि वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी डीएनएस नावाची सेवा चालली पाहिजे. यातलं काहीही बिघडलं तरी ब्राउझरमध्ये दिसणारा निरोप जवळपास सारखाच असतो. त्यामुळे कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी तुटलंय कुठे ते ठरवा. त्याला पाच मिनिटं पुरतात.

त्याआधी एक लहानशी खात्री करून घ्या. मोबाइलवर नेट चालतं म्हणजे ते वायफायवरच चालतं असं नाही. वायफायमधून नेट मिळेनासं झालं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. मोबाइल डेटा बंद करा आणि मग पाहा. तेव्हा फोनवरही नेट नसेल तर लॅपटॉप निर्दोष आहे. राउटरला जोडलेल्या फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच पोहोचत नाहीये. फायबर कुठे जोरात वाकली किंवा दबली आहे का ते बघा आणि कंपनीला फोन करा. लॅपटॉपवर करण्यासारखं काही नाही.

फोन वायफायवर खरंच चालत असेल तर पुढे चला.

तुटलंय कुठे?

कमांड प्रॉम्प्ट उघडा. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप केलं की मिळतो. इथल्या सगळ्या आज्ञा आणि आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे. ‘आयपीकॉन्फिग’ लिहून एंटर दाबा. वायरलेस अॅडॉप्टरच्या खाली दोन ओळी महत्त्वाच्या असतात: आयपीव्ही४ अॅड्रेस, म्हणजे लॅपटॉपला मिळालेला पत्ता, आणि डिफॉल्ट गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता. घरात हे बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात.

लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर अर्धं निदान तिथेच झालं. हा पत्ता राउटरने दिलेला नसतो. लॅपटॉपने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. त्यावरून बाहेर जाता येत नाही. सिग्नलचे सगळे दांडे भरलेले असतात, ‘कनेक्टेड’ लिहिलेलं असतं आणि नेट मात्र नसतं, त्यातल्या बऱ्याच तक्रारी इथेच असतात.

पत्ता बरोबर असेल तर ‘पिंग’ लिहा (ही आज्ञा समोरच्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते पाहते), एक जागा सोडा आणि गेटवेचा पत्ता लिहा. उत्तरं आली तर राउटरपर्यंतचा रस्ता उघडा आहे. मग ‘पिंग १.१.१.१’ करा. हा क्लाउडफ्लेअरचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर आहे. गुगलचा ८.८.८.८ वापरलात तरी चालेल. उत्तर आलं तर बाहेरचा रस्ताही उघडा. शेवटी एखाद्या वेबसाइटच्या नावाने पिंग करा. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ असं येतं, तर दोष फक्त डीएनएसमध्ये आहे.

मॅकवर टर्मिनलमध्ये हेच पिंग चालतं, फक्त ते आपणहून थांबत नाही, कंट्रोल आणि सी दाबून थांबवावं लागतं. मॅकची एक सोय मात्र मला विंडोजपेक्षा जास्त आवडते. ऑप्शन कळ दाबून ठेवून वरच्या पट्टीतल्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की सिग्नल, गोंगाट, चॅनेल, वेग सगळं तिथेच दिसतं. विंडोजमध्ये त्यासाठी आज्ञा द्यावी लागते. ती पुढे येईल.

राउटर पत्ता देत नसेल

१६९.२५४ दिसला की आधी लॅपटॉप रीस्टार्ट करा. शटडाउन नव्हे, रीस्टार्टच. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन करताना ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच उठतो. ‘रोज रात्री बंद करतो तरी फरक पडत नाही’ म्हणतात त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

त्याने भागलं नाही तर वायफायच्या यादीत आपल्या नेटवर्कवर उजवं क्लिक करून ‘फर्गेट’ करा आणि पासवर्ड नव्याने टाका. राउटरचा पासवर्ड किंवा सुरक्षेचा प्रकार बदलला असेल तर जुनी साठवलेली नोंद आडवी येते.

तिसरी शक्यता कामाच्या जागी वापरलेल्या लॅपटॉपमध्ये हमखास सापडते: पत्ता हाताने भरून ठेवलेला. सेटिंग्जमध्ये त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘आयपी असाइनमेंट’ ही ओळ ‘ऑटोमॅटिक’ आहे ना ते पाहा. तिथे ‘मॅन्युअल’ असेल तर राउटर काहीही देऊ दे, लॅपटॉप ऐकणार नाही.

घरात रेंज वाढवायला दुसरा राउटर लावला असेल तर मी आधी त्याच्याकडेच संशयाने पाहतो. एका घरात पत्ते वाटणारं यंत्र एकच हवं. जुना राउटर तसाच जोडला की दोघेही पत्ते वाटू लागतात. ज्याचं उत्तर आधी पोहोचेल त्याचा पत्ता लॅपटॉप घेतो. मग ते कधी चालतं, कधी नाही, आणि जागा बदलली की वागणंही बदलतं. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ निवडा. तो नसेल तर त्याची डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरपेक्षा वेगळा ठेवा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा.

राउटरवर मॅक फिल्टर (हा मॅक म्हणजे अॅपलचा नव्हे, उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) लावलेला असेल, म्हणजे ठरावीक उपकरणांनाच परवानगी दिलेली असेल, तर लॅपटॉपवरची ‘रँडम हार्डवेअर अॅड्रेसेस’ ही सोय या नेटवर्कपुरती बंद ठेवावी लागते. नाहीतर लॅपटॉप वेगळ्याच ओळखीने दारात येतो आणि राउटर त्याला परतवून लावतो.

राउटरपर्यंत पोहोचतो, पण पानं उघडत नाहीत

आकड्यांना उत्तर येतं पण नावांना नाही, हे सोपं प्रकरण. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’ मॅन्युअल करा, आयपीव्ही४ चालू करा, तिथे १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरा. मग ‘आयपीकॉन्फिग’नंतर जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि ‘फ्लशडीएनएस’ लिहून जुनी साठवण पुसा. झालं. घरातल्या सगळ्याच उपकरणांना हा त्रास असेल तर हाच बदल राउटरमध्ये एकदा करा.

नावांनाही उत्तर येतं आणि तरी ब्राउझर अडतो, तेव्हा वायफाय सोडून विचार करा. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या खाली ‘प्रॉक्सी’ उघडा. हाताने भरलेला प्रॉक्सी, म्हणजे नेट ज्याच्यामार्फत जातं तो मधला सर्व्हर, चालू दिसला आणि तुम्ही तो मुद्दाम लावलेला नसेल तर बंद करा. एखादं फुकटचं सॉफ्टवेअर तो लावून जातं आणि काढून टाकल्यावरही तो मागे राहतो. व्हीपीएनचंही तसंच. त्यातल्या ‘किल स्विच’चं कामच व्हीपीएन नसताना नेट अडवणं हे असतं, त्यामुळे अर्धवट बंद झालेलं व्हीपीएन सगळं नेट धरून बसतं. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याचं वेब संरक्षण दोन मिनिटं थांबवून पाहा आणि लगेच परत चालू करा.

घड्याळही पाहून घ्या. लॅपटॉपची तारीख मागे गेली असेल तर सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं ‘अजून सुरूच झालेली नाहीत’ असं ब्राउझरला वाटतं आणि जवळपास प्रत्येक पान इशारा देऊन थांबतं. जुन्या लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवरची छोटी बटण-बॅटरी संपली की तारीख पुन्हा पुन्हा मागे जाते.

याच्या उलटही होतं: पानं उघडतात, पण खाली कोपऱ्यात ‘नो इंटरनेट’ असतं. विंडोज दर वेळी मायक्रोसॉफ्टच्या एका पत्त्यावरून ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढाच मजकूर असलेली छोटी फाइल मागते. ती आली तर नेट आहे, नाही आली तर नाही. जाहिराती अडवणारी डीएनएस किंवा व्हीपीएन ती विनंती अडवत असेल तर नेट असूनही चिन्ह नाही म्हणतं. पानं उघडत असतील तर त्या चिन्हापायी जीव काढू नका.

आणखी एक विचित्र प्रकार: काही साइट झटकन उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात, आणि कुठल्या उघडतील ते रोज ठरलेलं. इथे पाकिटाच्या, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या एका तुकड्याच्या, आकाराचा संशय घ्यावा. साध्या जोडणीत एका पाकिटात १५०० बाइट मावतात. पीपीपीओई पद्धतीच्या जोडणीत, जिथे राउटरला युजरनेम-पासवर्ड भरावा लागतो, तिथे ८ बाइट खर्ची पडतात आणि १४९२ उरतात. राउटरमध्ये हा एमटीयूचा आकडा १५०० ठेवला असेल तर मोठी पाकिटं वाटेत गळू शकतात. तो १४९२ करा.

मधूनमधून तुटतं, हे खरं दुखणं

कायम बंद असलेलं नेट दुरुस्त करणं सोपं. दर थोड्या वेळाने तुटणारं आणि आपण बघायला बसलो की नीट चालणारं, ते अवघड. इथे अंदाज बांधू नका, नोंद काढा. विंडोज ती नोंद ठेवतच असते. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ ही आज्ञा द्या. पहिला शब्द एन-ई-टी-एस-एच, दुसरा डब्ल्यू-एल-ए-एन, चौथा त्यालाच ‘रिपोर्ट’ जोडून. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली ते पडद्यावरच लिहून येतं. ब्राउझरमध्ये उघडली की मागच्या तीन दिवसांत लॅपटॉप केव्हा जोडला, केव्हा तुटला आणि का, हे आलेखासकट दिसतं. ट्रबलशूटरपेक्षा ही फाइल कितीतरी उपयोगी आहे आणि बहुतेकांना ती माहीतच नसते.

त्यात वेळा पाहा. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर लगेच तुटत असेल तर वीज वाचवण्याची सोय नडते आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अॅडॉप्टर्स, त्यात आपलं वायफाय कार्ड, प्रॉपर्टीज, ‘पॉवर मॅनेजमेंट’, आणि तिथली ‘अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस’ ही खूण काढा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅबच नसतो. तिथे कार्डच्या ड्रायव्हरची लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरची आवृत्ती घाला. विंडोज अपडेटने दिलेली आवृत्ती नेहमी सर्वांत योग्य असतेच असं नाही. त्रास एखाद्या अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर त्याच खिडकीत ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे. ड्रायव्हर ‘काढून पुन्हा टाकला’ असं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तीच आवृत्ती परत आलेली असते. मग फरक कसा पडणार?

आता रेडिओ. ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही आज्ञा द्या. नव्या विंडोज ११ मध्ये त्यासाठी लोकेशनची परवानगी चालू असावी लागते. यातल्या ‘सिग्नल’, ‘चॅनेल’ आणि ‘रिसीव्ह रेट’ या ओळी कामाच्या. विंडोज सिग्नल टक्क्यांत दाखवते: १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप), शून्य टक्के म्हणजे उणे १००. व्हिडिओ कॉल न अडखळता चालायला उणे ६७ च्या आसपास, म्हणजे साधारण ६५ टक्क्यांच्या वर सिग्नल असावा. हे माप सरळ रेषेत चढत नाही. दर ३ डेसिबेलला शक्ती निम्मी होते आणि १० डेसिबेलला दहावा हिस्सा उरतो. म्हणून उणे ६० आणि उणे ७० दिसायला जवळ असले तरी त्यांच्यात दहापट फरक आहे.

चॅनेलचा आकडा १ ते १४ मध्ये असेल तर लॅपटॉप बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर आहे. हा पट्टा लांब जातो, भिंतींतून जातो, पण अरुंद आहे. त्यात चॅनेलचे केंद्रबिंदू ५ मेगाहर्ट्झ अंतरावर आणि एका जोडणीची रुंदी किमान २० मेगाहर्ट्झ. त्यामुळे एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच सांगितली जातात: १, ६ आणि ११. राउटर ‘ऑटो’वर असेल आणि ३ किंवा ८ वर जाऊन बसला असेल तर तो दोन्ही बाजूंच्या गोंधळात सापडतो. या तिघांपैकी सर्वांत मोकळं असेल ते हाताने निवडा आणि रुंदी ४० ऐवजी २० ठेवा.

शिवाय ब्लूटूथ याच पट्ट्यात बोलतं, मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात गळतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात. ब्लूटूथचे इअरफोन लावले की वेग पडतो, काढले की सुधारतो, असं होत असेल तर लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या.

यूएसबी ३ कडे तर कुणाचं लक्षच जात नाही. इंटेलने २०१२ साली एक श्वेतपत्रिका काढून दाखवून दिलं होतं की यूएसबी ३.० च्या तारा आणि जोडण्यांतून निघणारा गोंगाट थेट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. बाहेरची हार्ड डिस्क किंवा स्वस्तातला यूएसबी हब लॅपटॉपला चिकटवून ठेवला की वायरलेस माउस अडखळतो आणि वायफाय गळपटतं. डिस्क काढून वायफाय सुधारतं का हे बघायला दहा सेकंद लागतात. सुधारत असेल तर चांगल्या आवरणाची केबल घ्या आणि हब जरा दूर ठेवा.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: राउटर आणि लॅपटॉप दोन्ही ५ गिगाहर्ट्झ बोलत असतील आणि मध्ये एखादीच भिंत असेल, तर २.४ वर राहूच नका. बऱ्याच राउटरवर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असतं आणि कुठला घ्यायचा ते लॅपटॉप ठरवतो. तो लांबच्या खोलीत २.४ धरतो आणि राउटरशेजारी येऊनही सोडत नाही. मोबाइल त्याच वेळी ५ वर असतो, म्हणून ‘मोबाइलवर चालतं, लॅपटॉपवर नाही’. राउटरमध्ये दोन पट्ट्यांना वेगळी नावं द्या, किंवा कार्डच्या ‘अॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘प्रिफर्ड बँड’ ५ गिगाहर्ट्झ करा. तिथेच ‘रोमिंग अग्रेसिव्हनेस’ असतं. घरात एकच राउटर असेल तर ते कमी ठेवा, लॅपटॉप उगीच दुसरं घर शोधत हिंडणार नाही. मेश किंवा एक्स्टेंडर, म्हणजे रेंज वाढवणारी जास्तीची यंत्रं, असतील तर मधल्या पायरीवर बरं.

५ गिगाहर्ट्झवरही एक खोच आहे. बहुतेक देशांत ५२ ते १४४ ही चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. राउटरला रडारसारखं काही ऐकू आलं की ते चॅनेल ताबडतोब सोडणं त्याला बंधनकारक असतं, आणि अशा नव्या चॅनेलवर जायचं तर आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. विमानतळ किंवा हवामानाचं रडार जवळ असेल तर दिवसातून अधूनमधून सगळं वायफाय मिनिटभर गायब होतं आणि आपोआप परत येतं. कारण शोधून सापडत नाही, कारण ते घरात नसतंच. राउटरचं चॅनेल ३६, ४०, ४४ किंवा ४८ यांपैकी एकावर पक्कं करा.

आणि राउटरची सुरक्षा सेटिंग. डब्ल्यूपीए म्हणजे वायफायच्या सुरक्षेची पद्धत. ‘डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र’ असं ठेवलं की काही जुनी कार्डं पासवर्ड बरोबर असूनही जोडत नाहीत किंवा जोडून थोड्या वेळाने सुटतात. तात्पुरतं ‘डब्ल्यूपीए२, एईएस’ करून पाहा. त्रास थांबला तर ड्रायव्हर अद्ययावत करून परत मिश्रवर जा. ‘टीकेआयपी’ हा पर्याय मात्र कुठेही दिसला तर काढाच. तो जुना, कमकुवत आहे आणि तो वापरणारी जोडणी ५४ मेगाबिटच्या पुढे जात नाही. फायबर कितीही जलद घ्या.

नेटवर्क यादीतच दिसत नसेल

फोनला ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसतं, लॅपटॉपला नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स’ लिहा. ‘रेडिओ टाइप्स सपोर्टेड’मध्ये नुसतं ८०२.११ बी, जी, एन (वायफायच्या जुन्या पिढ्या) असेल तर कार्ड बहुधा २.४ चंच आहे आणि त्यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही. कार्ड नवं असेल तर राउटरने १२ किंवा १३ चॅनेल धरलंय का ते पाहा. काही देशांसाठी बनवलेली कार्डं ११ च्या पुढे बघत नाहीत. वायफाय ६ चा राउटर नवा आणला आणि जुन्या लॅपटॉपला तो दिसेनासा झाला, हेही घडतं. इंटेलच्या काही जुन्या कार्डांच्या जुन्या ड्रायव्हरांना हे नेटवर्क दिसत नसे, ड्रायव्हर अद्ययावत केला की दिसतं.

कुठलंच नेटवर्क दिसत नसेल तर एअरप्लेन मोड आणि वायफायची फंक्शन कळ आधी. नंतर ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ चालू आहे का. लिनक्सवर ‘आरएफकिल लिस्ट’ सांगतं की रेडिओ सॉफ्टवेअरने बंद केलाय की बटणाने.

डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय कार्डच नाहीसं झालं असेल, किंवा त्यावर पिवळी खूण आणि ‘कोड १०’ दिसत असेल, तर लॅपटॉप पूर्ण बंद करा (शिफ्ट दाबून शटडाउन), चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग चालू करा. अडकलेलं कार्ड यानंतर बऱ्याचदा परत दिसतं. पण हे वारंवार करावं लागत असेल तर कार्ड किंवा त्याची खाच जायच्या मार्गावर आहे.

फक्त हळू चालत असेल

वेग मोजताना लॅपटॉप राउटरला केबलने जोडून एकदा मोजा. केबलवरही तेवढाच असेल तर वायफायचा दोष नाही. केबलवर नेमका ९४-९५ मेगाबिटला अडत असेल तर राउटरचा पोर्ट किंवा केबल १०० मेगाबिटची आहे. वायफायवर ‘रिसीव्ह रेट’ जो दिसतो त्याच्या साधारण निम्मा प्रत्यक्षात मिळाला तर तक्रार करू नये. उरलेलं रेडिओच्या आपसातल्या बोलण्यात जातं. राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात किंवा आरशाला लागून ठेवला असेल तर बाहेर काढून उंचावर ठेवा.

वेग चाचणीत भरपूर, पण व्हिडिओ कॉल अडखळतो? त्या वेळी कुणाचा फोन फोटोंचा बॅकअप वर चढवत असेल. अपलोड भरलं की प्रत्येक पाकीट राउटरच्या रांगेत उभं राहतं. एका खिडकीत १.१.१.१ ला पिंग चालू ठेवा (शेवटी उणे चिन्ह आणि टी लावलं की ते थांबत नाही) आणि बॅकअप सुरू करा. वेळ २० मिलिसेकंदांवरून ३००-४०० वर उडाली तर कारण सापडलं. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ किंवा ‘एसक्यूएम’ ही रांग सांभाळणारी सोय असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवा.

शेवटी लॅपटॉप उघडायची वेळ आली तर

यंत्राचा दोष ओळखायची एक चांगली खूण आहे. राउटरपासून हातभर अंतरावर सिग्नल उत्तम, दुसऱ्या खोलीत गेलं की पूर्ण गायब, आणि फोनला तिथेच व्यवस्थित मिळतो. हे बहुधा अँटेनाचं लक्षण. लॅपटॉपची अँटेना सहसा पडद्याच्या चौकटीत असते. तिच्या दोन बारीक वायरी बिजागरीतून येऊन वायफाय कार्डावर बटणासारख्या बसवलेल्या असतात. बॅटरी, कीबोर्ड किंवा बिजागरीचं काम झाल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर एक वायर लावायची राहिली आहे असंच मी धरतो. पडदा पुढे-मागे करताना सिग्नलचा आकडा उड्या मारत असेल तर वायर बिजागरीत चिरडली आहे.

फॉरमॅटऐवजी ‘नेटवर्क रीसेट’ हा पर्याय सेटिंग्जमध्ये आहे. तो सगळी अॅडॉप्टर पुन्हा बसवतो, पण साठवलेले वायफाय पासवर्ड जातात आणि व्हीपीएन पुन्हा घालावं लागतं. वरचं सगळं करून झाल्यावरच तो वापरा. त्यानेही फरक पडला नाही तर फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला लावून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला द्या. तसं नेट व्यवस्थित चाललं तर विंडोजची नेटवर्क व्यवस्था ठीक आहे आणि दोष कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा अँटेना यांच्यातच आहे.

मग दोन वाटा. छोटा यूएसबी वायफाय अॅडॉप्टर लावायचा, किंवा आतलं कार्ड बदलायचं. कार्ड बदलणार असाल तर आधी ते खाचेत बसवलेलं आहे की मदरबोर्डवर डाग दिलेलं आहे ते पाहा. पातळ लॅपटॉपमध्ये डाग दिलेलं असू शकतं आणि तिथे यूएसबी अॅडॉप्टरच बरा. खाचेतलं असेल तर नाव नीट बघून घ्या. इंटेलचं एएक्स२०० साध्या पीसीआय एक्सप्रेसवर, म्हणजे मदरबोर्डच्या नेहमीच्या जोडणीवर, चालतं. दिसायला अगदी तसंच असणारं एएक्स२०१ मात्र अर्धं काम प्रोसेसरच्या बाजूकडून करून घेतं, त्यामुळे ते ठरावीक इंटेल लॅपटॉपमध्येच चालतं. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ते घातलं तर खाचेत बसेल, पण दिसणार नाही.